विश्लेषण : भोर-वेल्ह्यात ‘लेकसाइड’ कॅम्पिंग, पण तंबू नेमका कुठे ठोकायचा?

पाऊस ओसरला की पुणेकरांच्या मोबाइलवर तंबूंचे पीक येते. मागे निळे पाणी, पुढे शेकोटी, वर चांदणे आणि खाली बुकिंगसाठी व्हॉट्सॲप क्रमांक. पवना धरणाचा काठ गजबजलेला असल्याने शांत जागा शोधणाऱ्यांची नजर भोर आणि वेल्हे तालुक्यांकडे वळते. शहरापासून दीड-दोन तासांत पाच मोठी धरणे, राजगड-तोरणा आणि घाटमाथ्याचे जंगल, एवढे सगळे एका पट्ट्यात मिळते. पण जाहिरातीतले पाणी आणि तुमचा तंबू यांच्यात प्रत्यक्षात किती अंतर असेल, हे फोटो सांगत नाही. ते अंतर महिन्यावर ठरते. कधी दहा पावले, कधी अर्धा किलोमीटर चिखल.

हे तलाव नाहीत, मग काय आहेत?

भोर-वेल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक ‘लेक’चे खरे नाव धरणाचा फुगवटा. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर (साठवण क्षमता सुमारे २३.५ टीएमसी), १९२८ मध्ये पूर्ण झालेले. हिरडस मावळात नीरा नदीवर नीरा देवघर (११.७ टीएमसी), ज्याच्या काठाने भोर-महाड रस्ता वरंधा घाटाकडे जातो. वेल्ह्यात तोरणा-राजगडच्या परिसरात कानंदीवरचे गुंजवणी (३.६९ टीएमसी), आंबी नदीवरचे पानशेत (१०.६५ टीएमसी) आणि मोसे नदीवरचे वरसगाव (१२.८ टीएमसी). वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. बोलण्यात आणि बुकिंगच्या जाहिरातींत अजून वेल्हेच चालते.

नैसर्गिक तलावाचा काठ वर्षभर साधारण जागेवर असतो. धरणाचा नसतो. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तिथून पुण्याच्या नळांना व पुढे कालव्याने दौंड-इंदापूरला जाते. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून बारामती, फलटण, माळशिरसच्या उसाला लागते. म्हणजे भोरमधला काठ किती सरकणार हे माळशिरसच्या आवर्तनावर ठरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काठोकाठ असलेले धरण मेअखेर तळ गाठते. वेळवंड खोऱ्यात कांबऱ्याजवळचे शिवमंदिर वर्षातले बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात बाहेर येते. त्या दिवसांत तिथे दर्शनाला गर्दी होते. पाणी किती खाली गेले आहे, याचे याहून चांगले मोजमाप नाही.

सपाट जागा आणि जवळ पाणी, दोन्ही एकत्र का मिळत नाही?

इथे शाळेतली भूमिती कामाला येते. तंबूला सपाट जागा लागते. समजा काठाचा उतार अगदी सौम्य आहे, ५० मीटर चालल्यावर एक मीटर उतरणारा. धरणाची पातळी १० मीटरने खाली गेली तर पाणी ५०० मीटर मागे जाते. तोच उतार तीव्र असेल, पाच मीटरला एक मीटर, तर पाणी फक्त ५० मीटर सरकते. पण अशा उतारावर तंबू काय, पाण्याची बाटलीही उभी राहणार नाही.

त्यामुळे सपाट मैदान आणि त्याला टेकलेले पाणी हे फोटोतले दृश्य वर्षातून काही आठवडेच खरे असते, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यानंतर कॅम्पचालकापुढे दोन पर्याय उरतात. तंबू आहे तिथे ठेवायचे आणि पाहुण्यांना ‘लेक व्ह्यू’ म्हणायचे, किंवा तंबू पाण्यामागे खाली न्यायचे. फेब्रुवारी-मार्चमध्येही ‘पाण्यापासून दहा पावलांवर’ असे सांगणारा कॅम्प बहुधा दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे धरणाच्या पोटात उतरलेला असतो.

पूर्ण संचय पातळीच्या खालची, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन म्हणजे गाळपेर. ती धरणासाठी संपादित झालेली सरकारी जमीन असते. जलसंपदा विभाग ती हंगामापुरती पिकासाठी देतो. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना त्यात प्राधान्य असते. पीक घेणे वेगळे आणि तंबू लावून भाडे घेणे वेगळे. अशा जागेवरचा कॅम्प रातोरात हटवला गेला तर आगाऊ भरलेले पैसे कुणाकडे मागायचे, हा प्रश्न ग्राहकाचाच.

बुकिंगआधी घरबसल्या काय तपासता येते?

बरेच काही, आणि फुकटात. कॅम्पचालकाकडून नकाशावरचे अचूक ठिकाण मागून घ्या. ते गूगल अर्थवर उघडून जुन्या तारखांची उपग्रहचित्रे पाहा. एखाद्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चित्रात तंबूची जागा पाण्याखाली दिसली, तर ती गाळपेर. ठिकाण न देता फक्त ‘भोर फाट्यावर येऊन फोन करा’ म्हणणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारायची गरज नाही.

दुसरी तपासणी सातबाऱ्याची. गाव आणि गट क्रमांक मिळाला की महाभूलेख संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा दिसतो. मालक म्हणून एखादे कुटुंब आहे की महाराष्ट्र शासन, पाटबंधारे विभाग किंवा वन विभाग, हे पहिल्याच नजरेत कळते. ‘इतर हक्क’ या रकान्यात खासगी वन वगैरे शेरा आहे का तेही पाहावे. दोन दिवसांच्या सहलीसाठी कोण सातबारा बघत बसणार, असे वाटेल. पण बाराशे रुपयांचा बूट घेताना जो माणूस चाळीस अभिप्राय वाचतो, त्याने मुलाबाळांना जिथे झोपवायचे त्या जमिनीचा मालक पाहायला दोन मिनिटे द्यायला हरकत नसावी.

जागेवर पोहोचल्यावर खूण आणखी सोपी आहे. काठावर झाडांची पहिली रांग कुठे सुरू होते ते बघा. वर्षातले काही महिने पाण्याखाली जाणाऱ्या पट्ट्यात मोठे झाड टिकत नाही. गवत, बेशरमाची झुडपे आणि भेगाळलेली माती एवढेच असते. तंबू त्या पहिल्या झाडांच्या वर असावा. तिथून पाणी थोडे लांब पडते, पण जमीन कोरडी आणि मालकीची असते. हिवाळ्यात आणखी एक फायदा होतो. थंड हवा जड असल्याने रात्री दरीच्या तळाशी साचते. डिसेंबर-जानेवारीत पाण्यालगतचे तंबू पहाटे दवाने निथळतात आणि वरच्या टप्प्यावरचे त्यामानाने कोरडे असतात.

धरणाचा काठ नदी-तलावापेक्षा घातक का?

१९ मे २०२२ रोजी भोर तालुक्यातील नऱ्हे गावाच्या हद्दीत भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच महिला बुडाल्या. मे महिना, धरण उतरलेले, काठावर पाणी संथ. अशा वेळी पाणी सर्वाधिक सुरक्षित भासते.

पण धरणाचा तळ म्हणजे बुडालेली दरी. त्यात जुन्या भातखाचरांच्या ताली आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत, आणि मधोमध मूळ नदीचे पात्र आहे. गुडघाभर पाण्यातून चालताना एक ताल संपली की पुढचे पाऊल थेट खोलात जाते. वर गाळाचा थर असतो. पाय रुततो, ओढायला गेले की तोल जातो. एक घसरला की दुसरा हात द्यायला पुढे होतो आणि तोही त्याच गाळावर उभा असतो. एका घटनेत एकाच घरातले तीन-चार जण जातात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. पोहता येणे इथे फारसे उपयोगी पडत नाही.

म्हणून कॅम्पवर विचारायचा प्रश्न ‘पोहायला मिळेल का’ हा नव्हे. पाण्यात उतरण्याची मनाई लिहून लावली आहे का, काठावर दोरी आणि तरंगती रिंग आहे का, आणि संध्याकाळनंतर काठावर कुणी माणूस असतो का, हे विचारावे. कयाक किंवा होडी असेल तर प्रत्येकाला अंगाच्या मापाचे लाइफ जॅकेट हवे, लहान मुलांचे वेगळे. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटला की एरवी आरशासारख्या पाण्यावर काही मिनिटांत लाटा उठतात. उजनीच्या फुगवट्यात कुगाव-कळाशीदरम्यानची प्रवासी बोट २१ मे २०२४ रोजी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आभाळ पश्चिमेकडून काळवंडू लागले की होडी काठाला आणि माणसे पक्क्या छपराखाली, असा कॅम्पचा नियम असावा. विजेपासून तंबू वाचवत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाचा नदीकाठ हा आणखी वेगळा विषय. भाटघरला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात किंवा पात्रालगत तंबू ही कल्पनाच सोडून द्यावी. अमेरिकेत टेक्सासमधील ग्वाडालूप नदीला ४ जुलै २०२५ च्या पहाटे पूर आला, तेव्हा काठावरच्या कॅम्प मिस्टिक या जुन्या, नावाजलेल्या शिबिरातील मुली आणि त्यांच्या काळजीवाहक अशा २७ जणी दगावल्या. तिथे मोबाइल होते, हवामान खात्याचे इशारे होते. पूर माणसे झोपेत असताना आला.

जंगलातली जागा कशी निवडायची?

पाण्यापेक्षा झाडी हवी असणाऱ्यांसाठी वेल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे केळद-मढे घाटाची बाजू, आणि भोरमध्ये रायरेश्वर-वरंध्याकडचा पट्टा. इथे ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनीची झाडी आहे; बिबट्या, भेकर, रानडुक्कर यांचा वावर आहे. हे काही सजावटीचे जंगल नव्हे.

पहिली गोष्ट कायद्याची. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे आणि आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. ‘फॉरेस्ट कॅम्पिंग’ असे नाव देऊन कुणी आत नेत असेल, तर वन विभागाची परवानगी त्याच्या हातात दिसायला हवी. राजगडाबद्दलही हेच. तो राज्य संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. गडावर तंबू ठोकायचा बेत आखूच नये. मुक्काम पायथ्याच्या गावात करावा आणि पहाटे चढावे.

दुसरी गोष्ट देवराईची. या दोन तालुक्यांत गावोगावी देवाच्या नावाने राखलेली रानाची तुकडी असते. वेल्ह्यात पानशेतच्या फुगवट्याकडे शिरकोलीच्या शिरकाईची देवराई प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर जे काम केले, त्यातून या रानांचे मोल अभ्यासकांच्या जगापुढे आले. गावाला ते आधीच ठाऊक होते. जिथली काटकीही गावकरी चुलीला नेत नाहीत, तिथे शहरातून येऊन शेकोटी पेटवायची, तर गावाने रागावू नये अशी अपेक्षा तरी का करावी? सावली दाट, जमीन सपाट आणि झरा जवळ अशी जागा मोकळी दिसली, तर ती मोकळी का आहे हे आधी गावात विचारावे.

मग उरते काय? गावाच्या कडेची, जंगलाला लागून असलेली मालकीची जमीन. आंब्याची बाग, पड भातखाचर, घरामागची वाडी. खरे तर हाच सर्वांत चांगला पर्याय आहे. रात्री कुणाला काही झाले तर मालकाचे घर हाकेच्या अंतरावर असते, भाकरी त्याच घरातून येते आणि पैसाही त्याच घरात राहतो. या खोऱ्यांतल्या अनेक कुटुंबांच्या सुपीक जमिनी धरणांत गेल्या. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५५ हजारांच्या घरात होती, आणि कामासाठी पुण्या-मुंबईला जाणे इथे पिढीजात आहे. धरणाचे पाणी खाली गेले, शेती पाण्याखाली गेली. निदान त्या पाण्याकडे बघायला येणाऱ्यांचे पैसे तरी पुण्यातल्या एजंटाऐवजी गावात पडावेत. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला असे केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येते. झिपलाइन, कयाकिंग असे काही असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आणि प्रशिक्षित माणसे हवीत. प्रमाणपत्राचा फोटो मागायला संकोच करू नये.

झाडाखाली तंबू लावताना वर बघावे, वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ आहे का. शेकोटीच्या धुराने मोहोळ उठते. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून शेकोटीच नको. कारवी आणि गवत तेव्हा इतके वाळलेले असते की एक ठिणगी पुरते आणि वणवा उतारावर वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावतो. तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये अशाच वणव्यात वीसहून अधिक ट्रेकर गेले. जंगलात कुठे आग दिसली तर वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

शौचालयाचा प्रश्न कुणी का विचारत नाही?

फोटोत ते दिसत नाही म्हणून. एका शनिवारी शंभर माणसे काठावर उतरली तर त्यांचे मैलापाणी कुठे जाते? पानशेत-वरसगावच्या काठावर शोषखड्डा पाण्याच्या पातळीला लागून खणलेला असेल, तर उत्तर सरळ आहे. ते धरणात जाते, धरणातून खडकवासल्यात आणि तिथून जलशुद्धीकरण केंद्रामार्गे त्याच पाहुण्यांच्या पुण्यातल्या घरी. सेप्टिक टँक आहे का, तो पूर्ण संचय पातळीपासून किती वर आहे, कचरा कोण आणि कुठे नेतो, हे तीन प्रश्न विचारले की चांगला कॅम्प आणि हंगामी दुकान यांतला फरक लगेच कळतो. ज्याने नीट व्यवस्था केली आहे, तो स्वतःहून दाखवतो.

पावसाळ्यात जावे का?

तंबूत राहायला नको. मढे घाट, वरंधा, धबधबे पाहायचे तर दिवसा जाऊन परतावे, तेही रस्ता सुरू असल्याची खात्री करून. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो आणि धबधबे, धरणे, घाट अशा ठिकाणी जिल्हाधिकारी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. याच जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून १५१ जण गाडले गेले. मलेशियात बटांग कालीजवळ डिसेंबर २०२२ मध्ये एका शेतातल्या कॅम्पवर मध्यरात्रीनंतर दरड आली आणि ३१ जण दगावले. त्या जागेला कॅम्प चालवण्याचा परवाना नव्हता. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या तोंडाशी तंबू असेल, तर पावसाळा संपल्यावरच्या ऑक्टोबरच्या पावसातही जागा बदलून मागावी.

प्रशासनाचे आदेश मात्र पावसाळ्यापुरते असतात. उरलेल्या आठ महिन्यांसाठी कुणी काही सांगत नाही. पूर्ण संचय पातळीचे खांब काठावर ठळक रंगवणे आणि नोंदणी असलेल्या कॅम्पची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर व तहसीलच्या संकेतस्थळावर लावणे, याला फार मोठा निधी लागत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी कारवाईचे फोटो काढण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

रात्रीसाठी काय लक्षात ठेवायचे?

कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू थंडी कितीही असली तरी तंबूत घ्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नेपाळमधल्या दामनला जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. तंबू तर खोलीपेक्षा लहान.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावलेली, बूट आत, पायाखाली टॉर्च. झोपेतून उठून कुणाला पोट दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे असे होऊ लागले तर सकाळची वाट पाहू नये.

भोर आणि वेल्हे या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालये आहेत, पण वेळवंड खोऱ्याच्या किंवा मोसे खोऱ्याच्या टोकाकडून तिथे पोहोचायला रात्री तास-दीड तास सहज लागतो, आणि आतल्या खोऱ्यांत मोबाइलची रेंज जागोजागी जाते. संध्याकाळी उजेड असतानाच रेंज कुठे मिळते ती जागा पाहून ठेवावी, तंबूचे ठिकाण घरी कुणाला तरी पाठवून ठेवावे, आणि एक गाडी रस्त्याकडे तोंड करून, मोकळी लावावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.